साहेबांचा नेचा

परवा एका लग्नात लोहाऱ्याचे एक ओळखीचे गृहस्थ पंगतीत शेजारी बसले आणि म्हणाले, "बाई, तुमचे ते घरमालक काळाच्या पुढं होते बघा. एकाहत्तर साली बौद्धाच्या मुलीला घरातली खोली द्यायची, हे खायचं काम नव्हतं."

माझ्या तोंडात घास होता, म्हणून मी नुसती मान हलवली. नाहीतर सांगितलं असतं, की तो माणूस काळाच्या पुढंही नव्हता नि मागंही नव्हता. तो न्हाणीच्या मागं होता. ओल्या गोणपाटाच्या मांडवाखाली, हातात फूटपट्टी घेऊन, उकिडवा बसलेला.

लोहाऱ्याला माझी ती पहिली नेमणूक. मुलींची शाळा, वय बावीस, सोबत एक पत्र्याची पेटी. खोलीसाठी मी चार घरं हिंडले. पहिल्या घरात गाव विचारलं, दुसऱ्या घरात आडनाव. तिसऱ्या घरात दोन्ही विचारून झाल्यावर तिथल्या बाईंना एकदम आठवलं, की खोलीत कडबा भरायचाय. चौथ्या घरात पाहुणे यायचे होते. पाचवं घर साहेबांचं. मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, म्हणून गाव त्यांना मोजणीसाहेब म्हणायचं. उंच, वाळलेले, धोतरावर खात्याचा जुना खाकी कोट. मी नमस्कार केला आणि आडनाव सांगायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"साबण कुठला वापरता?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"अंगाला, अंगाला. साबण."

मी सांगितलं.

"आंघोळ सकाळी की संध्याकाळी?"

"सकाळी."

"गरम पाण्यानं?"

"थंडीत."

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "मग थंडीत पाणी आधी हौदात निववावं लागंल," असं स्वतःशीच म्हणाले आणि खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. आडनाव त्यांनी पुढं दोन वर्षांतही विचारलं नाही. याला उदारपणा म्हणायचा असेल तर म्हणा. मला विचाराल तर मी त्यांच्या लेखी माणूस नव्हतेच, रोजचं एक बादली पाणी होते.

ते पाणी जायचं नेच्याला. नेचा म्हणजे डोंगराळ, ओल्या मुलखात दगडांच्या सापटीत वाढणारं झाड. फूल नाही, फळ नाही, नुसती लांब कातरलेली पानं. नोकरीत असताना साहेब काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, घेऊन एकदाच काय ते फिरायला गेले होते, महाबळेश्वरला. काकूंना देवळं बघायची होती. साहेबांनी तीन दिवस एका गळक्या भिंतीसमोर काढले आणि येताना डालड्याच्या डब्यात नेच्याचं रोप घालून आणलं. परतीच्या एसटीत डब्याला खिडकीजवळची जागा होती. साताऱ्यापासून पंढरपूरपर्यंत काकू उभ्या होत्या. हे काकूंनीच मला सांगितलं, आणि वर म्हणाल्या, "डब्याचं अर्धं तिकीट बी काढलं होतं ह्यांनी. माजं पुरं."

नेच्याला ऊन सोसत नाही आणि मुळाशी ओल लागते, एवढं खरं. पण पुढं एका शेतकी खात्यातल्या माणसानं मला सांगितलं, की ही जात चिवट असते. सावलीत लावा, माती भुसभुशीत ठेवा, ओल असू द्या आणि विसरून जा. साहेबांना विसरता येत नव्हतं. त्यांनी न्हाणीच्या उत्तरेला तुराट्यांचा मांडव घातला होता, त्यावर गोणपाट, ते दिवसातून तीनदा भिजवायचं. मातीत विटांचे तुकडे, कोळशाचा चुरा, कुजलेला पाला. सकाळी तोंडात पाण्याची चूळ भरून ते, परीट इस्त्रीच्या कपड्यावर मारतो तशी, पानांवर फवारायचे. मग फूटपट्टी. कोवळा कोंभ विंचवाच्या नांगीसारखा गुंडाळलेला असतो. तो किती उलगडला ते मोजायचे आणि एका वहीत लिहायचे. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या, त्यात भाऊ भावांवर कुऱ्हाडी घेऊन उठले. आता हा माणूस पानं मोजत होता. निदान इथं कुणाचं डोकं फुटत नव्हतं.

न्हाणीच्या फरशीला दोन चर होते. एक नेच्याकडं जाणारा, एक बाहेरच्या गटारीकडं. मधे एक फळी. आधी नुसतं पाणी अंगावर घ्यायचं, ते नेच्याला. साबण लावायच्या आधी फळी फिरवायची, म्हणजे साबणाचं पाणी गटारीला. हे पाठ व्हायला मला आठवडा लागला आणि त्या आठवड्यात रोज बाहेरून आरोळी यायची,

"फळी फिरवली का? बाई! फळी!"

आत मी बावीस वर्षांची पोरगी अंग चोरून बसलेली, बाहेर साठीचा माणूस ओरडतोय, आणि शेजारच्या बायका भिंतीपलीकडं पदर तोंडाला लावून हसतायत. त्यांच्या मनात पाप नव्हतं, हे मी शपथेवर सांगीन. पाप असायला आधी समोर बाई आहे एवढं तरी ध्यानात यावं लागतं.

सोसायटीच्या आवारातला प्रसंग मी डोळ्यांनी पाहिला. मी रेशनची साखर आणायला गेले होते आणि खतासाठी शेतकऱ्यांची ही रांग लागली होती. साहेब पोत्यांच्या थप्पीपाशी उभे राहिले आणि बोलू लागले. प्रत्येक विहिरीच्या उत्तरेच्या अंगाला नेचा लावावा, सोसायटीनं त्याची रोपं वाटावीत, मुलुख हिरवा होईल. रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"साहेब, फूल कवा येतंय त्याला?"

"फूल येत नाही."

"फळ?"

"फळ नसतं त्याला."

"मंग जनावरं खात आस्तील."

"छे, छे. जनावरानं तोंड लावू नये."

म्हाताऱ्यानं रांगेकडं एकदा बघून घेतलं. "मंग ते तुमच्या घरी कशाला ऱ्हातंय?" रांग अशी हसली, की आतला कारकून बाहेर येऊन बघून गेला. साहेब मात्र घरी आल्यावर काकूंना म्हणाले, "आज बरेच जण चौकशी करत होते."

काकूंचं सांगते. ठेंगण्या, गोऱ्या, अंगानं वाळलेल्या. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मूलबाळ नाही. साहेबांना माझी जात दिसली नव्हती, पण काकूंना पहिल्या दिवशीच दिसली होती. माझ्याशी बोलायच्या गोड, पण उंबऱ्याच्या आतून. पाणी द्यायच्या ते वरून. एकदा त्यांच्या वाळत घातलेल्या लुगड्याला माझा हात लागला, तर ते लुगडं संध्याकाळी परत दोरीवर ओलं दिसलं. माझ्या वडिलांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली ती असल्या लुगड्यांसमोर मान खाली घालण्यासाठी नव्हे. मी त्यांच्याकडं बघणंच सोडलं.

पहिल्या दिवाळीनंतर साहेब पेन्शनच्या कामाला चार दिवस औरंगाबादला गेले आणि नेचा माझ्यावर सोपवून गेले. काकूंवर नाही, माझ्यावर, कारण मला लिहिता-वाचता येत होतं आणि सूचना दोन पानं भरून होत्या. दुसऱ्या दिवशी गोणपाट भिजवताना मी एक पान उलटलं आणि दचकले. खालून सगळीकडं तपकिरी ठिपके, ओळीनं. माझी आई लोकांच्या रानात खुरपायला जायची. ज्वारीवरचा तांबेरा मी लहानपणापासून पाहिलेला. मी जुनं फडकं रॉकेलमध्ये जरासं बुडवलं आणि एकेक पान धरून सगळे ठिपके पुसून काढले. फार मन लावून काढले. खरं सांगते, मला भीती वाटत होती. झाड मेलं तर खोली जाईल आणि मला परत आडनावापासून सुरुवात करावी लागेल.

साहेब आले ते पिशवीसकट मागं गेले. पान उलटलं. दुसरं उलटलं.

"इथं काही होतं का?"

"तांबेरा पडला होता, साहेब. मी पुसला."

ते झाडापाशी खाली बसले. "बाई," ते म्हणाले, "ते नेच्याचं बी होतं. पानाखालीच धरतं. सहा वर्षं झाली. पहिल्यांदा धरलं होतं." आणि तो उंच वाळका माणूस खाकी कोटाच्या बाहीत तोंड खुपसून रडायला लागला.

मी पेटी भरायला खोलीत आले. एवढ्यात दारात काकू. आणि काकू हसत होत्या. आवाज न करता, भिंतीला धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.

"मला पोर व्हयना," त्या म्हणाल्या, "सासू सवत आणायला निघाली होती. त्या टायमाला ह्यांनी एक शबूद काढला न्हाय, ना तिकडून ना इकडून. आन आज गवताच्या ठिपक्यासाठी बघा. बघा की कसं रडायलेत." मग त्यांनी पदरानं डोळे पुसले, आत गेल्या आणि कपबशीत चहा घेऊन आल्या. त्यांच्या घरातल्या कपबशीत. "कुटं जाऊ नका," म्हणाल्या, "तुमी जे केलं ते म्या करायला पायजे होतं."

लोक म्हणतात माणसं प्रेमानं जवळ येतात. आम्ही दोघी एका माणसाच्या तिरस्कारानं जवळ आलो आणि ते नातं चांगलं टिकलं.

मग बहात्तर उजाडलं. त्या वर्षी पाऊस झालाच नाही. शाळेत पोरी दप्तराऐवजी ताटली घेऊन यायच्या, कारण दुपारी सुकडी मिळायची. त्यांचे आईबाप खडी फोडायला जायचे. आमच्या गल्लीतला आड दिवाळीआधीच आटला आणि पाण्यासाठी मैलभर लांब मळ्यातल्या विहिरीवर जावं लागायचं. मी शाळेआधी माझी एक घागर आणायची. काकू चार आणायच्या. दोन घराला, दोन नेच्याला. पंचावन्न वर्षांची बाई. मी साहेबांना एकदा सरळ विचारलं, "नेच्याच्या दोन घागरी तुम्ही का आणत नाही?"

ते खरोखर विचारात पडले. "मला सवय नाही," म्हणाले. मोजणी करताना ऊनवाऱ्यात दहा-दहा मैल चालणारा माणूस.

एक गंमत त्याच सुमारास झाली. गटारीकडच्या चराच्या तोंडाशी, फरशीच्या खाली, जिथं माझं साबणाचं उरलंसुरलं पाणी जायचं, तिथं चांगली वीतभर नेच्याची पानं उगवली होती. कुणी लावली नव्हती, कुणी मोजली नव्हती. मांडवातला नेचा पिवळा पडत होता आणि हा टवटवीत. मी साहेबांना दाखवला. त्यांनी वाकून बघितलं, बराच वेळ बघितलं.

"तो आपला नव्हे," शेवटी म्हणाले. "जंगली असणार."

फाल्गुनात काकू विहिरीवर पडल्या. ओल्या दगडावरून पाय घसरला आणि कमरेवर आदळल्या. मी दोन बायका पुढंच होते. कुणाची तरी बैलगाडी थांबवून आम्ही त्यांना घरी आणलं. त्यांना उतरवताना साहेब दारात आले. काकू वेदनेनं ओठ चावत होत्या. साहेबांनी गाडीत वाकून पाहिलं, मग गाडीच्या मागं पाहिलं, आणि विचारलं,

"घागर?"

गाडीवान परका माणूस, पण त्यानंही मान फिरवली.

काकू पंधरा दिवस अंथरुणावर होत्या. पाणी मी आणायची. नाइलाजानं साहेबही बादली घेऊन जाऊ लागले. म्हातारं माणूस म्हणून बायका त्यांना रांगेत पुढं सोडायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी अर्धी बादली आणली, अर्धी वाटेत सांडली. काकूंच्या खाटेवरून मागचं दार दिसायचं. साहेब त्या खाटेशेजारून गेले, बादली घेऊन सरळ मागं गेले आणि ती सगळीच्या सगळी मांडवात ओतली.

काकूंनी माझ्याकडं बघितलं. "बाई, मला सोनारीला सोडता का? भाऊ हाय माजा."

रविवारी मी त्यांना घेऊन निघाले. साहेब एसटीपर्यंत आले, गाठोडं पण त्यांनीच धरलं होतं. गाडी सुटताना खिडकीपाशी येऊन म्हणाले, "परत कधी?"

"कंबर म्हनंल तवा," काकू म्हणाल्या.

सोनारीसाठी आम्ही परंड्याकडं निघालो, काकूंना खिडकी मिळाली होती आणि शेजारच्या जागेवर कुठलाही डबा नव्हता. दर धक्क्याला त्या कण्हत होत्या, पण बाहेर बघणं त्यांनी सोडलं नाही.

मी परत आले त्या संध्याकाळी साहेबांनी माझं दार वाजवलं. मला वाटलं, प्रवासाचं विचारतील, काकू पोचल्या का, कंबर कशी राहिली. ते म्हणाले, "बाई, एक विनंती होती. उन्हाळा आहे. तुम्ही आंघोळ दोनदा केलीत तर?"

मी दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून मी आंघोळीला शाळेतल्या शिपाईबाईकडं जायला लागले. नेच्याचं ते रोजचं एक बादली पाणीही तुटलं. मला फार समाधान वाटलं. आजही वाटतं.

पण त्या महिन्यापासून एक नवीन गोष्ट झाली. दर रविवारी साहेब ओट्यावर बसून आंतरदेशीय पत्र लिहायचे. बारीक अक्षर, कडेपर्यंत भरलेलं. सोमवारी शाळेत जाताना ते माझ्याकडं द्यायचे, पोस्टात टाकायला. वर काकूंचं नाव. मला वाटू लागलं, की आपण या माणसाला फार टाकून बोललो का? बायको गेल्यावर काही जणांना कळतं.

मेच्या सुट्टीत मी घरी गेले. आमचं गाव परंडा तालुक्यातच. तिथून एक दिवस सोनारीला काकूंना भेटायला गेले. भैरवनाथाच्या देवळाकडं जाणाऱ्या वाटेवर त्यांच्या भावाचं घर. काकू काठी धरून चालत होत्या, जरा भरल्याही होत्या. मला बघून त्यांनी भावजयीला चहा टाकायला लावला आणि मला आतल्या खोलीत नेलं. ट्रंक उघडली. लुगड्यांच्या खाली सात पत्रं. सातही बंद.

"उघडली नाहीत?"

"मला कुटं वाचता येतंय? भाच्याला सांगितलं आसतं. पन पोरगं मोठ्यानं वाचतंय, भावजय दारातच आस्ती. आत काय आसंल, काय न्हाय." त्यांनी पदर सारखा केला. पंचावन्न उलटलेल्या त्या बाईच्या चेहऱ्यावर लाज होती. "तुमी वाचा. हळू."

मी पहिलं पत्र फोडलं. 'सौ. हिस आशीर्वाद. सोमवारी तीन कोंभ, पैकी एक सव्वा इंच उलगडला. बुधवारी दोन पानांची टोकं करपली. गोणपाट आता चारदा भिजवतो.' मी पान उलटलं. तिथंही तेच. मी वर बघितलं. काकू माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

"‘सौ. हिस आशीर्वाद,’" मी वाचलं. "‘तुझ्यावाचून घर सुनं वाटतं. कंबर कशी आहे? काळजी घे. जेवण...’"

"बाई," काकू म्हणाल्या. "‘सुनं’ हा शबूद त्यांच्याकडं न्हाय. खरं वाचा."

मग मी खरं वाचलं. कोंभ, इंच, करपलेली टोकं. काकू दर ओळीला "हं" म्हणत होत्या. दुसरं पत्र, तिसरं पत्र. माझा आवाज रागानं चढायला लागला होता. चौथ्या पत्रात मात्र मधेच एक ओळ आली, 'दोरानं हाताला फोड येतात. तुला येत होते का, ते कळवावे.' पाचव्यात, 'घागर डोक्यावर ठेवली की मान कुठं धरायची ते समजत नाही. चुंबळ कशी वळतात?' मग परत कोंभ. सहाव्यात, 'बायका म्हणाल्या की तू रोज चार आणत होतीस. मला दोनच माहीत होत्या.' सातव्यात नेच्याचं एकच पान हिरवं राहिलं होतं.

मी पत्रं घडी करून ठेवली. "काकू, फाडून टाका," मी म्हणाले. "बायको कमरेत मोडून पडलीय आणि ह्या माणसानं सात पत्रांत एकदाही विचारलं नाही, कशी आहेस म्हणून."

"न्हाय विचारलं," काकू म्हणाल्या. त्यांनी पत्रांवरून हात फिरवला. "पन चाळीस वर्सांत मिळून एवढं बोलले न्हाईत माज्यासंगं."

मला त्यांची कीव आली आणि रागही आला. मी म्हणाले, "मग तुम्हीच कळवा त्यांना. मी लिहून देते. काय लिहू?"

काकूंनी काठी मांडीवर आडवी घेतली. आयुष्यातलं पहिलं पत्र होतं त्यांचं. "लिवा," म्हणाल्या, "फोड मला बी येत होते. चुंबळ लुगड्याच्या चिंधीची बरी, धोतराची घसरती. आन पानं मोजून झाली आसतील तर येकदा विचारा म्हनावं, पडलेली बायको कशी हाय. बास. एवढंच."

मी अगदी शब्दाला शब्द लिहिलं आणि परंड्याला स्वतः पोस्टात टाकलं.

नेच्याचं काय झालं ते इथंच सांगून टाकते. साहेब घराला कुलूप लावून नऊ दिवस गेले, भर मे महिन्यात, आणि मांडवातला नेचा वाळून कोळ झाला. पुढं पाऊस पडल्यावर त्याच मातीतून नव्या नांग्या वर आल्या. साहेबांनी त्याचं श्रेय कोळशाच्या चुऱ्याला दिलं. पाणी मात्र काकू परत आल्यावरही तेच भरायचे, घराचंही आणि नेच्याचंही. काकूंची कंबर पुन्हा घागर उचलण्याजोगी झालीच नाही. गाव त्याचंही कौतुक करायचं. बायकोचं पाणी भरणारा नवरा! गावाला कौतुक करायला काहीही पुरतं.

ते नऊ दिवस साहेब सोनारीत होते. शाळा सुरू व्हायच्या आधी मी काकूंना परत भेटले तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. पत्र मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी, टळटळीत दुपारी, खाकी कोट घालून हा माणूस भावाच्या दारात हजर. घरातली सगळी गोळा झाली. साहेबांनी कुणाला रामराम केला नाही, पायावर पाणी घेतलं नाही. सरळ काकूंसमोर येऊन उभे राहिले आणि शाळेतल्या पोरानं पाठांतर म्हणावं तसं म्हणाले, "कंबर कशी आहे?"

"दुकतीया," काकू म्हणाल्या.

"हं," साहेब म्हणाले. आणि तसेच उभे राहिले. पुढं काय करायचं असतं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. भाऊ बघतोय, भावजय बघतीय, भाचे दारात दाटलेत, आणि हे आपले उभे.

"मग?" मी विचारलं.

"मग काय," काकू म्हणाल्या. "मीच म्हनलं, बसा आता."